विहिरीवरील संभाषण

ऐन दुपारची वेळ. गावाबाहेर एक जुनी, खोल विहीर. तिच्या काठाशी वाटचालीने थकलेला एक परमुलखातील प्रवासी बसला आहे. सोबतीचे लोक अन्न विकत आणावयास गावात गेले आहेत, आणि ह्याच्यापाशी दोर नाही की पोहरा नाही. इतक्यात गावातील एक बाई घागर घेऊन येते आणि हा तिच्याजवळ पाणी मागतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील ही कथा मराठी वाचकास समजावून सांगण्यास फारशी टीप लागू नये. बाई शोमरोनी, मागणारा येशू यहूदी. दोघांचे पूर्वज एकच, परंतु शतकानुशतकांच्या वैराने एकमेकांचा व्यवहार तुटलेला. त्यामुळे आपल्या हातचे पाणी ह्याला चालते कसे, ह्याचेच त्या बाईस प्रथम आश्चर्य वाटते. पाणवठ्यावर कोणी चढावे, कोणी दूर उभे राहावे, कोणाच्या ओंजळीत किती उंचावरून पाणी ओतावे, ह्याचे नियम ज्या देशात पिढ्यान् पिढ्या पाळले गेले, आणि १९२७ साली महाडच्या तळ्यातील पाणी ओंजळीत घेणे हीच जेथे इतिहासातील एक मोठी घटना ठरली, तेथे त्या आश्चर्याचा अर्थ विशद करण्याचे कारण नाही.

ह्या बाईचे पाच नवरे झालेले आहेत आणि सध्या ज्याच्या घरी ती राहते तो तिचा नवरा नव्हे, असे पुढे संभाषणातच निघते. ते पाच मेले की त्यांनी तिला टाकले, हे कथा सांगत नाही. सांगण्याचा उत्साह टीकाकारांनी दाखविला आहे. लक्षात घेण्याजोगे हे की येशू ही गोष्ट उच्चारतो खरी, परंतु तीवर निवाडा करीत नाही. उलट ती बाई त्याच्याशी वाद मांडते. देवाची उपासना आमच्या डोंगरावर करावी की तुमच्या यरुशलेमात, हा त्या काळचा जळता शास्त्रार्थ ती एका धर्मगुरूपुढे टाकते, आणि तोही तिला योग्य प्रतिपक्षी समजून सविस्तर उत्तर देतो. शिष्य परत येतात तेव्हा त्यांना नवल वाटते ते जातीचे नव्हे, तर हा एका स्त्रीशी बोलत बसला आहे ह्याचे. बाई घागर तेथेच टाकून गावात धावत जाते आणि साऱ्या गावाला घेऊन येते. मूळ मागणारास पाणी मिळाले की नाही, हे सांगावयास मात्र कथा विसरते.

१८८३ साली लंडनच्या फुलहॅम भागात एका मराठी बाईने ही कथा ऐकली. त्या दिवसापासून पुढे सुमारे चाळीस वर्षे तिने त्या कथेचे काय केले, हा आमच्या लेखाचा विषय आहे. धर्मग्रंथातील पाठ रोजच्या वागणुकीत उतरवा, असा उपदेश देवळात, मठात आणि चर्चमध्ये सारखाच होत असतो. तो ऐकून माणसे सारख्याच समाधानाने घरी जातात. परंतु एखादी विशिष्ट कथा एखाद्या विशिष्ट माणसाच्या संसारात, हिशेबाच्या वहीत आणि स्वयंपाकघरात शिरून तेथे काय उलथापालथ करते, हे कागदपत्रांच्या आधारे पाहावयास मिळण्याचे प्रसंग थोडे. पंडिता रमाबाईंचे चरित्र हा तसा एक प्रसंग आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून शास्त्री मंडळींचा रोष पत्करला होता. पुढे तीर्थयात्रेत भटकणाऱ्या ह्या कुटुंबात आईने मुलीस शिकविले. बाराव्या वर्षाच्या आसपास तिला भागवत तोंडपाठ झाले होते. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व बहीण एकामागून एक गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा बुटक्या रमाबाईंनी तिरडीचा आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला. भावाबरोबर उत्तरेकडे भटकताना थंडीत पांघरूण नव्हते म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. हे सगळे पुढे उपयोगी पडावयाचे होते. दुष्काळ म्हणजे काय हे सरकारी अहवालावरून समजून घेण्याची त्यांना गरज उरली नव्हती.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद ठेवले आणि स्त्रियांनी ते वाचू नयेत असे ऐकत आलेल्या ह्या पंडितेस प्रथम संकोच वाटला. धर्मशास्त्रे वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की इतर शेकडो बाबतींत ज्यांचा मेळ बसत नाही असे ग्रंथ दोनच गोष्टींवर एकमत आहेत: स्त्रीचा स्वभाव वाईट, आणि स्त्रीशूद्रांस त्यांच्या त्या देही मोक्ष नाही. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली शूद्र वकिलाशी नोंदणीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत ते वारले आणि नऊदहा महिन्यांची मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सर्व एका वर्षातले. पुढल्या वर्षी वैद्यक शिकण्यासाठी त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा आपण ख्रिस्ती होणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या जोगिणींनी त्यांना आश्रय दिला. त्याच जोगिणींचे फुलहॅम येथे एक घर होते. कुमार्गास लागलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रिया तेथे ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत आणि त्यांना हाताला काम देत. रमाबाईंनी असे काही पूर्वी पाहिले नव्हते. आपल्याकडील शास्त्रांत अशा स्त्रीला प्रायश्चित्त आणि शिक्षा ह्यांपलीकडे काय आहे, हे त्यांना पाठ होते. एरवी ह्या बायकांच्या वाऱ्यासही न उभ्या राहणाऱ्या कुलीन इंग्रज स्त्रियांना इतकी माया कोठून आली, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका जोगिणीने त्यांना शोमरोनी बाईची कथा सांगितली. तो अध्याय वाचल्यावर आपला निश्चय झाला, असे रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे पुष्कळ चरित्रकार थांबतात आणि कथा फलद्रूप झाली असे मानून पुढील पानावर जातात. आम्हांस वाटते, कथेचे काम येथून सुरू झाले. आणि ते प्रथम ज्यांनी ती सांगितली त्यांच्यावरच उलटले. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन आणि रमाबाई ह्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना ह्या नवख्रिस्ती शिष्येबद्दल गुरूची झालेली त्रेधा पाहून कोणासही हसू यावे. जेरल्डीनबाईंची अपेक्षा आज्ञापालनाची. रमाबाईंचा हट्ट प्रश्न विचारण्याचा. ख्रिस्ताचे शब्द मान्य, परंतु चर्चने नंतर रचलेली सूत्रे डोळे मिटून का म्हणावीत? हिंदुस्थानातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते आता दुसऱ्या पुरोहितांचे घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे १८८५ मधील पत्र प्रसिद्धच आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सुचविले गेले तेव्हा, लॅटिन भाषा आमच्या संस्कृतापेक्षा अधिक पवित्र कशी, असे त्यांनी विचारले. मांसाशन त्यांनी केले नाही, ह्याचाही मठात जातीचा अभिमान म्हणून अर्थ लावण्यात आला.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असता पुरुष विद्यार्थ्यांस मराठी शिकविण्याची सूचना पुढे आली. हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला की ह्या बाईने पुरुषांस शिकविल्यास तिच्या देशात तिची प्रतिष्ठा जाईल. कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना ह्याचा किती संताप आला असेल हे सांगावयास नको. विहिरीवरून परतलेल्या शिष्यांचे जे नवल, तेच ह्या बिशपांचे. ज्या कथेने आपण ह्या धर्मात आलो ती कथा धर्माधिकाऱ्यांनीच पुरती वाचली नसावी, असे त्यांना वाटले असल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही.

ह्या पत्रांतून एक गोष्ट निश्चित होते. जोगिणींच्या अन्नावर राहत असतानाही रमाबाईंनी उपकाराच्या ओझ्याखाली आपली सद्सद्विवेकबुद्धी वाकू दिली नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा, आणि निराळ्या बाजूने, उपस्थित होणार आहे.

अमेरिकेत १८८७ साली त्यांचे ‘दि हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षाअखेर बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साह्य देण्याचे पत्करले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असा करार होता. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. सल्लागारांत रानडे, भांडारकर, तेलंग ह्यांच्यासारखी माणसे होती.

रमाबाईंच्या स्वतःच्या अंतरंगात मात्र ह्याच काळात एक खळबळ चालू होती. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांना असे आढळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. ही कबुली सोपी नव्हे. धर्मांतरासाठी ज्या बाईने आप्त, स्नेही आणि कीर्ती ह्यांचा होम केला होता, तिने आपण अजून बाहेरच्या अंगणात उभे आहोत असे म्हणावयाचे! ह्यानंतर त्यांची प्रार्थना वाढली आणि भाषेतील पांडित्य उतरले. पहाटे आपल्या खोलीत त्या मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. ज्या मुलीला यावेसे वाटे ती येऊन बसे.

हे उघडे दार म्हणजे १८९३ च्या वादळाचे मूळ. ‘केसरी’ने कोरडे ओढले, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणास बोलावीत नाही, परंतु माझ्या घरात मी माझी भक्ती दार लावून चोरासारखी का करावी? सल्लागारांचे म्हणणे असे की ज्या घरात चाळीसपन्नास निराधार मुलींची माता आपण आहात, त्या घरात आपले उघडे दार हेच बोलावणे आहे. आम्ही हा वाद अनेकदा वाचला आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. जेरल्डीनबाईंना उत्तर देणारी रमाबाई ह्या वेळी जेरल्डीनबाईंच्या जागी बसली होती, एवढे मात्र दिसते. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यामागे ह्या वादाचे शल्य होतेच. तेव्हा त्या दारातून ज्या बाहेर पडल्या त्यांच्यासाठी महाराष्ट्राला दुसरे दार उघडावे लागले, हाही त्या वादाचा लाभ म्हटला पाहिजे.

धर्मग्रंथातील एखादा पाठ घरात शिरला म्हणजे प्रथम दारे, चुली आणि माठ ह्यांचाच प्रश्न कसा उभा राहतो, ह्याचे आणखी एक उदाहरण त्याच वर्षांतले आहे. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कवीला प्रवचन पुरले. लक्ष्मीबाईंना पुरले नाही. नवऱ्याशी पुन्हा एकत्र संसार मांडल्यावरही आपले सोवळे वेगळे ठेवून त्या राहिल्या, आणि एकेक करून ते सुटत गेले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की त्या पुस्तकात धर्मांतर हे व्यासपीठावर घडत नाही, ते पाण्याच्या भांड्यापाशी घडते. असो. आपण रमाबाईंकडे परत जाऊ.

१८९६ अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी वर्तमानपत्रांतील बातम्या वाचल्या आणि वाळूत निजून काढलेल्या रात्री त्यांना आठवल्या. त्या स्वतः तेथे गेल्या. सरकारी अन्नछत्रांच्या आवारात त्यांनी जे पाहिले त्यात उपासमार ही अर्धीच हकीकत होती. तरण्या मुलींना घेऊन जाण्यासाठी टपून बसलेले लोक, आणि ज्यांनी रक्षण करावे तेच त्यांना सामील, ही दुसरी अर्धी. रमाबाईंनी एकंदर तीनशेच्या आसपास स्त्रिया व मुली आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे इतक्यांना शहरात ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा केडगावास फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू व झोपड्या घालून त्यांची सोय केली. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत आपल्या एका मुलीची कशी आबाळ झाली हे त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केले, आणि तो बोभाटा थेट पार्लमेंटात गेला. गव्हर्नराने तो नाकारला. बाई मागे हटल्या नाहीत. पुढे १९०० च्या गुजराथेतील दुष्काळात आणखी आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

आता विचार करावा. पुण्याच्या पूर्वेस, पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या कोरड्या टापूत दोन हजार तोंडे. प्रत्येक तोंडाला रोज प्यावयास, न्हावयास, स्वयंपाकास पाणी. शोमरोनी बाईची कथा सांगणारे जेथे ‘जिवंत पाणी’ म्हणजे काय ह्यावर प्रवचन करतात, तेथे रमाबाईंना साध्या पाण्याचा हिशेब करावा लागला. ‘मुक्ती’च्या जमिनीत विहिरी खणल्या गेल्या. त्यांवर सर्व जातींच्या बायकांनी पाणी भरले. ह्याविषयी तेथे ठराव झाल्याचे किंवा व्याख्यान झाल्याचे आमच्या वाचनात नाही. भुकेने अर्धमेल्या बायकांना जात विचारण्यास वेळ नव्हता, आणि वेळ आला तोपर्यंत सवय पडून गेली होती.

परंतु आमच्या मते त्या कथेतील खरा पाठ रमाबाईंनी दुसऱ्याच ठिकाणी ओळखला. कथेत येशू प्रथम देत नाही, मागतो. जिच्या हातचे कोणी घेत नाही तिला तो देणारी करतो. दयाधर्म पुष्कळ लोक करतात. ज्यावर दया करावयाची त्याच्यापाशी काही मागणे ही गोष्ट फार थोड्यांना सुचते. केडगावी प्रत्येकीकडून काही ना काही मागितले गेले. शेती, गाईम्हशी, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना, दवाखाना ही कामे बायकांनीच करावयाची होती. जरा मोठ्या मुलीकडे धाकट्या मुली सोपविल्या जात. जी काल आजारी म्हणून आली ती आज आजाऱ्यांच्या उशाशी बसे. गुजराथेत दुष्काळपीडितांना आणावयास हाताखालच्या कार्यकर्त्या गेल्या. जिने घागर टाकून गावाला बोलावून आणले तिचीच ही तऱ्हा. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, ते तर फुलहॅमच्या घराचेच मराठी रूप. म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन होते. आंधळ्यांच्या घरास बार्तिमी सदन नाव दिले होते. बार्तिमय हा शुभवर्तमानातील यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. लोक गप्प बसवीत असता तो मोठ्याने ओरडत राहिला. आणि येशूने त्याला, तुला काय पाहिजे, असे विचारले. आंधळ्याला काय पाहिजे हे उघड असूनही त्याला विचारावे, ह्यातील सौजन्य त्या नावात आहे. त्या सदनात आंधळ्या मुली उठावाच्या लिपीने वाचावयास शिकत आणि टोपल्या विणीत.

ह्या चित्राला काळी बाजू नाही असे आम्ही म्हणणार नाही. शारदासदनातील कराराचे बंधन केडगावी राहिले नव्हते. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तेथे आलेल्या मुली शेकड्यांनी ख्रिस्ती झाल्या. ज्या मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, जिला मरणाच्या दाढेतून काढले आहे, ती छप्पर देणाऱ्या आईचा धर्म स्वीकारते तेव्हा त्या होकारात तिचा स्वतःचा भाग किती? विहिरीवरील बाई आपल्या गावात, आपल्या घागरीसह उभी होती. तिला वाद घालता आला. केडगावच्या दहा वर्षांच्या पोरीला कोणत्या डोंगराच्या बाजूने वाद घालता आला असता? रमाबाईंनी वाँटेजच्या अन्नावर राहून जे स्वातंत्र्य राखले ते राखण्यास भागवत तोंडपाठ असावे लागते, पंडितांच्या सभा जिंकलेल्या असाव्या लागतात. हा प्रश्न त्यांना पडला असला पाहिजे असे आम्हांस वाटते, कारण त्यांच्याइतका तो दुसऱ्या कोणाच्या अंगावरून गेला नव्हता. १९०५ साली केडगावी भक्तीची एक मोठी लाट उठली. मुली रात्ररात्र मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. ख्रिस्ती जगात ह्या घटनेची फार वाखाणणी झाली आणि पेंटेकॉस्टल पंथाच्या इतिहासात ती मानाने नोंदली जाते. आम्हांस त्या गर्दीत, प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई कोठे गेल्या असाव्यात, असे राहून राहून वाटते.

त्या कोठे गेल्या ह्याचे एक उत्तर, बहुधा, त्यांच्या टेबलावर सापडते. ह्याच सुमारास त्यांनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर करावयास घेतले. भाषांतरे नव्हती असे नाही. गोव्यात फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ सालीच छापून निघाले होते. सीरामपूरला केरीने पंडितांच्या साह्याने केलेला नवा करार १८११ साली मोडी अक्षरांत आला होता. त्यानंतर मिशनऱ्यांच्या आवृत्त्या होत गेल्या. परंतु केडगावच्या बायकांपुढे ते ग्रंथ ठेवले तर संस्कृत शब्दांच्या काठावरूनच त्या परतत. पाणी आत आहे, पण दोर नाही आणि पोहरा नाही. वयाची पन्नाशी गाठता गाठता, कानांनी नीट ऐकू येत नसता, रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास मांडला, मूळ ग्रंथ समोर घेतले, आणि जन्मभर जमविलेले संस्कृत बाजूस सारून शेतावर काम करणाऱ्या बाईस समजेल अशा मराठीत एकेक ओळ लिहू लागल्या.

ह्या भाषांतराची वाङ्मयीन योग्यता फार मोठी आहे असा आमचा दावा नाही. अर्थाशी प्रामाणिक राहण्याच्या हट्टापायी वाक्ये पुष्कळ ठिकाणी ठेचकाळतात, आणि दुसऱ्या धर्माचा वास येतो म्हणून जे रुळलेले शब्द त्यांनी टाकले त्यांतले काही टाकावयास नको होते. चर्चमध्ये हे बायबल सार्वत्रिक झाले नाही. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. प्रश्न विचारावयाचा तर मूळ ग्रंथ स्वतः वाचता आला पाहिजे, हे वाँटेजच्या पत्रांतील रमाबाईंचे सारे म्हणणे होते. ज्या मुलींना वाद घालावयास डोंगर नव्हता, त्यांच्या हाती त्या निदान ग्रंथ देऊन जात होत्या. दुष्काळातून आलेल्या होकाराचा प्रश्न ह्याने सुटतो काय? पुरता सुटत नाही. परंतु त्या प्रश्नाचे जे एकच प्रामाणिक उत्तर देण्यासारखे होते त्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची सुमारे सतरा वर्षे दिली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईबरोबर बाप्तिस्मा घेतलेली ती मुलगी. मुक्तीचा भार पुढे तिनेच उचलावयाचा होता. रमाबाईंनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. बायबलाचा छापखाना चालूच होता. खिळे जुळविणाऱ्या, यंत्र ओढणाऱ्या, पाने दुमडून शिवणाऱ्या बायका केडगावच्याच. त्यांतल्या कित्येक मध्यप्रांतातून आणि गुजराथेतून पोटाची हाडे वर आलेली पोर म्हणून आल्या होत्या, आणि त्यांना अक्षरओळख तेथेच झाली होती. १९२४ साली ग्रंथ पुरा होऊन बाहेर पडला. योहानाचा चौथा अध्याय अर्थातच त्यात आहे.